लहान मुलांना घेऊन तीन-चार रात्रींची क्रूझ : अनुभव, शंका, तयारी

चिमणपाऊल

मागच्या महिन्यात आम्ही चौघं तीन रात्रींची क्रूझ करून आलो. लेक साडेचार वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा. निघण्याआधी बरंच शोधलं, पण सापडले ते एकतर नव्या जोडप्यांचे नाहीतर निवृत्त मंडळींचे अनुभव. ज्यांचं पोर दुपारी दीडला झोपतं आणि रात्री आठनंतर कुणाचंच ऐकत नाही, त्यांनी बोटीवर दिवस कसा काढायचा, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून हा धागा. ज्यांनी केलंय त्यांनी भर घाला, जायचंय त्यांनी बिनधास्त विचारा.

सर्वात आधी एक हिशेब. तीन रात्री म्हणजे तीन दिवस नव्हेत. पहिल्या दिवशी चढेपर्यंत दुपार होते आणि शेवटच्या दिवशी सकाळी नाश्ता होतो न होतो तोच उतरायचं असतं. हाताशी खरे दोनच दिवस राहतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी सगळं बघून घ्यायच्या नादात आम्ही मुलांची झोप मोडली नसती. धाकट्याची दुपार रांगेत गेली, संध्याकाळी तो तीन तास रडला आणि आम्ही दोघं एकमेकांवर चिडलो. दुसऱ्या दिवसापासून उलट केलं. आधी त्याची झोप आणि जेवण ठरवलं आणि उरलेल्या वेळात जे जमेल ते केलं. जहाजावरचं निम्मंही पाहून झालं नाही आणि तरीही सहल छान झाली.

दुसरी गोष्ट सामानाची. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंत येतात. केबिनही चढल्या चढल्या मिळेलच असं नाही. आमच्या लेकीचा पोहण्याचा पोशाख मोठ्या बॅगेत होता. बाकीची मुलं पाण्यात धिंगाणा घालत होती आणि ही फ्रॉक घालून तलावाच्या काठाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एकदाही हट्ट केला नाही. त्यामुळेच मला जास्त लागलं. तेव्हा पोहण्याचे कपडे, एक जादा जोड, दिवसभर पुरतील इतके डायपर, औषधं, दुधाची बाटली आणि सगळी कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

तिसरी गोष्ट डायपरची. ज्या मुलांचे डायपर सुटलेले नाहीत त्यांना जहाजावरच्या तलावात उतरू देत नाहीत. पोहण्याचा खास डायपर असला तरी नाही. काही जहाजांवर तान्ह्यांसाठी वेगळी, उथळ कारंज्यांची जागा असते, तिथे चालतं. आपल्या जहाजावर ती आहे का, हे आरक्षण करण्याआधी विचारा.

आणि पाळणा. घडीचा पाळणा मागितला की मिळतो, पण ते मोजकेच असतात. आम्ही आरक्षणाच्या वेळी तोंडी सांगितलं होतं. केबिनमध्ये गेलो तर पाळणा नाही, नोंदही नाही. रात्री साडेनऊला कुठूनतरी आणून दिला. विनंती लेखी करा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा खात्री करून घ्या. पाळणा मांडला की केबिनमध्ये चालायला आडव्या पावलांचीच जागा उरते, हेही मनाशी धरून जा.

निळाई

धागा काढल्याबद्दल खूप आभार! आमचं चार रात्रींचं ठरतंय. मुलगा तीन वर्षांचा आहे आणि त्याला गाडी लागते. घाटात तर हमखास. बोट लागली तर मधेच उतरताही येणार नाही, या विचाराने मी अजून पैसे भरलेले नाहीत. कुणाचा अनुभव?

कंदील

निळाई, मी नर्स आहे, लहान मुलांच्या विभागात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गाडी लागणं आणि बोट लागणं ही एकाच घरातली दुखणी. आतल्या कानाला हालचाल जाणवते, पण डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते. दोघांचे निरोप जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. दोन ते बारा या वयात तो जास्त दिसतो. म्हणजे तुमचं पिल्लू त्याच वयात आहे, पण गाडी लागणाऱ्याला बोट लागेलच असं नाही. मोठ्या जहाजाचा हेलकावा संथ असतो, घाटातल्या वळणांसारखे झटके नसतात.

तीन वर्षांचं मूल "मला मळमळतंय" असं म्हणत नाही. ते गप्प होतं, जांभया देतं, तोंड पांढरं पडतं, फार तर "पोट दुखतंय" म्हणतं. ही लक्षणं दिसली की केबिनमधून उचलून उघड्या डेकवर न्या आणि लांब क्षितिजाकडे बघायला लावा. फोन, चित्रांचं पुस्तक, रंगकाम सगळं बाजूला ठेवा. पोट रिकामं ठेवू नका आणि ठासून भरूही नका. थोड्या थोड्या वेळाने काहीतरी कोरडं, साधं खायला द्या आणि घोट घोट पाणी पाजा.

औषधाबद्दल मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका. मोठ्यांसाठी कानामागे लावायची चिकटपट्टी मिळते, ती मुलांना लावायची नाही. मळमळीवरच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. काही मुलांच्या बाबतीत उलटंच होतं, ती बेचैन होतात आणि रात्रभर उड्या मारतात. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे मात्रा ठरवून घ्या आणि एकदा घरीच देऊन बघा. औषध हालचाल सुरू होण्याआधी दिलं तर उपयोगी पडतं. उलट्या लागल्यावर ते पोटात टिकतच नाही.

शिडाची_होडी

कंदील यांनी नेमकं लिहिलं आहे. मी ३१ वर्षं व्यापारी जहाजांवर होतो, आता घरी आहे. मागच्या वर्षी नातवंडांबरोबर प्रवासी म्हणून पहिल्यांदाच क्रूझ केली, तेव्हा थोडी भर घालतो.

केबिन निवडताना जहाज म्हणजे सी-सॉ आहे असं समजा. सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर सर्वात जास्त वरखाली होतं, मधल्याला फारसं कळत नाही. म्हणून जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. सर्वात वरची, सर्वात पुढची केबिन दिसायला झोकदार असते, पण ज्याला बोट लागते त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आता बहुतेक प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझर असतात, माशाच्या परांसारखे. ते डावी-उजवीकडचा हेलकावा बराच कमी करतात. पुढची-मागची झोकांडी मात्र त्यांना आवरत नाही. आणि हे पर पाण्याच्या प्रवाहावर काम करतात, त्यामुळे जहाज वेगात असताना त्यांचा उपयोग अधिक होतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं आणि काय करायचं याची कवायत. मुलं कंटाळलेली असतात, आईबाप दमलेले असतात आणि अनेक जण ही कवायत उरकायची म्हणून उरकतात. कृपा करून तसं करू नका. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझचं जहाज खडकावर आदळलं आणि कलंडलं. ३२ माणसं गेली. त्या दिवशीच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे चढल्यापासून २४ तासांत ती घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच ती घ्यावीच लागते. हा नियम ज्या सोलास करारात आहे, म्हणजे समुद्रावर माणसांचे जीव सुरक्षित राहावेत म्हणून देशादेशांत झालेला करार, तो मुळात १९१४ साली झाला, तोही टायटॅनिक बुडाल्यानंतर. समुद्रावरचे नियम असेच माणसं गमावून तयार झाले आहेत. त्यामुळे त्या अर्ध्या तासाचा मला कधी कंटाळा येत नाही.

हल्ली बऱ्याच जहाजांवर फोनवर किंवा टीव्हीवर चित्रफीत बघायची आणि आपल्या ठिकाणी जाऊन हजेरी द्यायची, एवढंच असतं. मुलांना सोबत घेऊन त्या ठिकाणापर्यंत जिन्याने चालत जा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. भोंग्याची खूण पाठ करून घ्या : सात आखूड आणि एक लांब. माझ्या नातवाने दोन दिवस तोंडाने तेच वाजवलं. त्याची आई वैतागली, पण तो ते आता विसरायचा नाही.

लाइफ जॅकेट वजनाप्रमाणे असतं. १५ किलोच्या आतलं मूल असेल तर तान्ह्यांचं, १५ ते ४३ किलोपर्यंत मुलांचं आणि त्यावर मोठ्यांचं. म्हणून घरून निघताना वजन करून जा. केबिनच्या कपाटात बहुधा मोठ्यांचीच ठेवलेली असतात. पहिल्याच तासात केबिन बघणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारून मुलांच्या मापाची मागून घ्या आणि एकदा घालून बघा.

निळाई

काका, तुमचा आणि कंदील यांचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. मधली, खालची केबिन बघतोय. बाल्कनी घ्यावी की नको? माझा जीव वर-खाली होतोय.

झुळूक

बाल्कनी नको, असं माझं स्पष्ट मत. माझा मुलगा तेव्हा साडेतीनचा होता. मी न्हाणीघरात होते, नवरा फोनवर, आणि याने आतली छोटी खुर्ची ओढत दारापर्यंत नेली होती. दाराला वर कडी होती म्हणून निभावलं. उरलेला सगळा वेळ मी त्या दाराकडे पाठ करून बसू शकले नाही. सुट्टीत पहारा करायचा असेल तरच घ्या.

चिमणपाऊल

झुळूक, वाचताना पोटात गोळा आला.

निळाई, आम्ही खिडकी नसलेली आतली केबिन घेतली होती, स्वस्त म्हणून. पण तिचा खरा फायदा वेगळाच निघाला. दिवा मालवला की मिट्ट काळोख. धाकटा दुपारी दोन-दोन तास झोपला, इतका तो घरीही झोपत नाही. फक्त रात्रीसाठी एक बारीक दिवा न्या, कारण उठल्यावर आपल्यालाही काही दिसत नाही.

सुपारीफूल

मी बाल्कनीच्या बाजूने लिहिते. आम्ही दोन मुलं आणि सासूबाई असे गेलो होतो. मुलं साडेआठला झोपली की आई-बाप कुठे जाणार? अंधाऱ्या केबिनमध्ये कुजबुजत बसायचं. बाल्कनीमुळे आम्हाला रोज दोन तास मिळाले, फक्त समुद्राचा आवाज आणि आम्ही. सासूबाईंची केबिन शेजारची आणि मधे दार असलेली घेतली होती, त्यामुळे त्यांनाही एकटं वाटलं नाही. अशा जोडकेबिन थोड्याच असतात, लवकर जातात.

कठडा चांगला उंच असतो. अमेरिकेत २०१० साली झालेल्या कायद्याने तो कमीत कमी ४२ इंच ठरवला आहे, म्हणजे साधारण १०७ सेंटिमीटर. उभ्या मुलाला तो पुरतो, खुर्चीवर चढलेल्याला नाही. आम्ही पहिल्याच दिवशी बाल्कनीतल्या खुर्च्या आणि टेबल आत घेऊन ठेवलं, मोठं माणूस बसणार असेल तेवढ्यापुरतंच बाहेर काढायचो. आणि दाराची वरची कडी नेहमी लावलेली. मूल बाल्कनीत एकटं नाही, एक मिनिटही नाही. हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाळता येणार असेल तर घ्या, नाहीतर झुळूक यांचं ऐका.

दारांबद्दल आणखी एक. केबिनचं दार जड असतं आणि आपोआप मिटतं. बाल्कनीचं दार उघडं असलं की वाऱ्याने ते असं आपटतं की लहान बोटं चेचतील. न्हाणीघराच्या उंबऱ्यालाही उंचवटा असतो, धावणारी मुलं हमखास ठेचकाळतात. टब बहुधा नसतोच, फक्त शॉवर. बाळासाठी फुगवायचा छोटा टब नेला तर फार सोय होते.

पाऊलवाट

थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका. दोन वर्षांखालच्या मुलाला न्यायचा अट्टहास का? बहुतेक कंपन्या सहा महिन्यांपासून घेतात, लांबच्या सफरींना वर्ष पूर्ण लागतं, हे खरं. पण घेतात म्हणून न्यावं का? त्याला काही आठवणार नाही. जहाजावरचा दवाखाना प्राथमिक उपचारांपुरता असतो. मुलांना खेळायला सोडायचा जहाजावरचा जो क्लब असतो, त्यातही बऱ्याच ठिकाणी तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला लागतो. म्हणजे आई घरी जे करते तेच छोट्या खोलीत करते, त्यात मुलाचं आवडतं काहीच हाताशी नसतं.

चिमणपाऊल

राग कशाला? पहिल्या रात्री मी हेच म्हणत होते.

पण मी धाकट्यासाठी गेलेच नव्हते. दीड वर्षात मला स्वयंपाक, भांडी, पसारा यांतून एक पूर्ण दिवस मिळाला नव्हता. जहाजावर तीन दिवस कुणीतरी अंथरूण घातलं, गरम जेवण समोर आणून ठेवलं आणि तलाव, जेवण, झोप हे सगळं पाच मिनिटांच्या अंतरावर होतं. एरवीच्या सहलीत अर्धा दिवस गाडीत जातो, तो इथे वाचला. बाळाचं खाणंही त्यांनी सांगितल्यावर मऊ वाटून दिलं, पहिल्या जेवणालाच वाढप्याला सांगून ठेवलं होतं. फॉर्म्युला दूध आणि डायपर मात्र घरूनच न्यायचे, तिथल्या दुकानात आपल्याला हवं ते असेल याचा भरवसा नाही.

दवाखान्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. डॉक्टर असतो, पण बिल मोठं येतं आणि गंभीर काही झालं तर पुढच्या बंदरापर्यंत थांबावं लागतं. नेहमीचा तब्येतीचा त्रास असलेल्या मुलाला मीही नेलं नसतं. आणि प्रवासाचा विमा, त्यात वैद्यकीय खर्च आणि जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलेला, याबाबत काटकसर नको.

पाऊलवाट

"मी धाकट्यासाठी गेलेच नव्हते" हे पटलं. त्या बाजूने मी विचार केला नव्हता.

झुळूक

दवाखान्याचा विषय निघाला म्हणून. आम्हाला दुसऱ्या वेळी पोटाच्या विकाराने गाठलं. आधी मुलगा, मग मी. मुलाला केबिनमध्येच ठेवायला सांगितलं आणि उरलेली सहल आम्ही चार भिंतींत काढली. नंतर वाचून कळलं की जहाजांवर ज्याची भीती असते तो नोरोव्हायरस हातांवरून आणि दांड्यांवरून पसरतो आणि अल्कोहोलचं जेल त्याला नीट मारत नाही. आम्ही भक्तिभावाने जेलच चोळत होतो! साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, प्रत्येक जेवणाआधी. जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणं, वाढून घ्यायचे चमचे हे सगळ्यांच्या हातचं असतं. मुलांचं ताट आपणच वाढून आणावं, त्यांना त्या चमच्यांना हात लावू देऊ नये. आणि निघण्याआधी मुलाचं पोट बिघडलेलं असेल तर लपवून चढू नका, आमच्यासारखं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येतं.

बाबा_आणि_बिट्टू

वाचतोय, फार उपयोगी धागा. मी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन एकटाच जाणार आहे. मुलीची आई तेव्हा कामासाठी बाहेर आहे. एकट्या पालकासाठी काही वेगळं लागतं का?

सुपारीफूल

हो दादा, दुसऱ्या पालकाचं लेखी संमतीपत्र न्या. कुठल्या तारखा, कुठलं जहाज, कोणाबरोबर, फोन नंबर हे सगळं त्यात असू द्या आणि शक्य असेल तर नोटरी करून घ्या. मुलीचा जन्मदाखलाही सोबत ठेवा, विशेषतः तुमचं आणि तिचं आडनाव कागदोपत्री वेगळं असेल तर. कुणी विचारेलच असं नाही, पण विचारलं आणि नसलं तर धक्क्यावरूनच परत फिरायची वेळ येते. परदेशी बंदर असेल तर पासपोर्टची मुदतही आताच बघा. मुलांचा पासपोर्ट मोठ्यांच्या मानाने कमी वर्षांचा असतो, हे लक्षातून जातं.

शिडाची_होडी

एकट्या पालकाला माझं एक सांगणं. तलावाजवळ जीवरक्षक असेलच असं धरून चालू नका, अनेक जहाजांवर नसतो. कडेची आरामखुर्ची सोडून पाण्यात, हाताच्या अंतरावर राहा.

दुसरं, मुलगी हरवली तर काय, याचा सराव पहिल्याच दिवशी करा. जहाजावर सगळे बोळ एकसारखे दिसतात, मोठी माणसंही चुकतात. मुलांच्या मनगटाला पट्टा देतात, त्यावर तिचं मस्टरचं ठिकाण असतं. तो आंघोळीलाही काढायचा नाही. गणवेशातला माणूस ओळखायला शिकवा, "सापडत नसेन तर याला सांग" म्हणून.

चिमणपाऊल

काकांच्या बोळावरून आठवलं. केबिनच्या भिंती आणि दारं लोखंडी असतात, त्यांना चुंबक चिकटतात. लेकीने फ्रीजवरचा पिवळा मासा सोबत आणला होता, तो दाराबाहेर लावला. तिला आकडे नीट वाचता येत नाहीत, पण दोन वळणं आणि मग पिवळा मासा, हे तिला तिसऱ्या फेरीलाच पाठ झालं. दुसऱ्या दिवसापासून तीच आम्हाला घरी आणायची.

तिथे फोन विमानाच्या मोडवर टाका. खोल समुद्रात तो जहाजाच्या उपग्रहाच्या जाळ्याला आपोआप जोडला जातो आणि त्याचं बिल डोळे फिरवतं. आम्ही नवरा-बायको दारावर चिठ्ठ्या लावून ठेवत होतो. "तलावावर, ४ पर्यंत." झकास चाललं.

निळाई

पिवळा मासा फार आवडला. आमच्याकडे लाल बेडूक आहे, तोच येईल.

मधे एक दिवस जहाज बंदराला लागतं, तेव्हा उतरायचं का? आणि क्लबबद्दलही सांगा ना, माझा मुलगा तोवर तीन पूर्ण होईल.

चिमणपाऊल

आम्ही उतरलो नाही. बाकीचे हजारो लोक किनाऱ्यावर गेले आणि सगळा तलाव, सगळ्या घसरगुंड्या आमच्या. लेकीने एका घसरगुंडीवर सलग अकरा फेऱ्या मारल्या, मी मोजल्या. मला विचाराल तर तीन रात्रींच्या सहलीत लहान मुलांसाठी सर्वात चांगला दिवस तोच.

उतरायचंच असेल तर दोन गोष्टी. काही बंदरांत मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी नेतात. तिथे बाबागाडी घडी करून हातात धरावी लागते आणि मूल कडेवर. जड गाडी असेल तर पाठीवरची झोळी बरी. आणि घड्याळ. जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते, फोन आपोआप किनाऱ्याची धरतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. परतायची वेळ टळली तर जहाज वाट बघत नाही.

क्लबचं असं की नोंदणी पहिल्याच दुपारी करा. तिथल्या कर्मचाऱ्यांना आपल्या मुलाचं नाव, ॲलर्जी, भाषा सगळं नीट सांगा. आमची लेक पहिल्या संध्याकाळी दारातूनच मागे फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी नसताना, तिला नुसतं बघायला नेलं. आत एक मुलगी जमिनीवर पालथी पडून जहाज रंगवत होती. लेक तिच्याशेजारी जाऊन तशीच पालथी पडली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. निळा खडू एकच होता, तो इकडून तिकडे फिरत राहिला. चाळीस मिनिटांनी घ्यायला गेले तर "आत्ता नको" म्हणाली. तान्ह्यांची पाळणाघरं काही जहाजांवरच असतात, तासावर पैसे घेतात आणि जागा पहिल्याच दिवशी भरतात.

कंदील

अवांतर, पण कुणी गरोदर असताना जायचा विचार करत असेल तर : बहुतेक कंपन्या २४ व्या आठवड्यानंतर घेत नाहीत, आणि हा हिशेब सहल संपण्याच्या दिवसाचा धरतात. मोठं मूल आणि पोटात धाकटं असं असताना बऱ्याच जणी ही सहल ठरवतात, म्हणून लिहिलं.

बाबा_आणि_बिट्टू

सगळ्यांचे आभार. संमतीपत्राचा मसुदा आजच करतो. काका, मुलीला समुद्राविषयी काय दाखवू? ती प्रश्न विचारून भंडावते.

शिडाची_होडी

हा प्रश्न विचारलात, बरं वाटलं.

सर्वात आधी पायलट दाखवा. बंदरात शिरताना आणि निघताना एक छोटी, वेगवान बोट जहाजाच्या कुशीला येऊन भिडते आणि त्यातून एक माणूस जहाजाच्या अंगावरच्या दोरशिडीने चढतो किंवा उतरतो. तो बंदराचा पायलट. त्या पाण्यातले खडक, गाळ, प्रवाह त्याला पाठ असतात आणि कप्तानाला तो वाट दाखवतो. दोन्ही बोटी चालू असतात, थांबत नाहीत. तो माणूस लाटेचा अंदाज घेतो आणि बरोबर क्षणी पाऊल टाकतो. मी हजारदा पाहिलं असेल, अजूनही बघत उभा राहतो. जहाज निघालं की पहिल्या तासाभरात वरच्या डेकवरून खाली लक्ष ठेवा.

मग दिवे. रात्री दुसरं जहाज दिसलं तर त्याचा लाल दिवा दिसतोय की हिरवा, ते तिला विचारा. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. लाल दिसला म्हणजे त्याची डावी कूस आपल्याकडे आहे, आणि ते कुठल्या दिशेला चाललंय हे तिचं तिला काढता येईल. पाच वर्षांच्या मुलीला हे सहज जमतं.

क्षितिज किती लांब, हे ती विचारेलच. पाण्यापासून तीस मीटर उंच डेकवर उभी असेल तर जवळपास २० किलोमीटर. खालच्या डेकवर गेली की कमी. तिला दोन्हीकडे नेऊन दाखवा. आणि वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा २० नॉट म्हणजे ताशी ३७ च्या आसपास. गाडीपेक्षा कमी, पण रात्रभर न थांबता.

निळाई

अपडेट : पैसे भरले! मधली, खालून तिसऱ्या मजल्यावरची, खिडकी असलेली पण बाल्कनी नसलेली केबिन. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. लाल बेडूक पिशवीत गेला. काही राहिलं का?

सुपारीफूल

अभिनंदन! इस्त्री, किटली, मेणबत्ती, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर अडवणारा भाग) असलेली प्लग लावायची वायरची पट्टी घेऊ नका, आगीच्या धोक्यामुळे काढून घेतात. बाटल्या उकळायच्या असतील तर उकळतं पाणी कर्मचारी आणून देतात.

चिमणपाऊल

एक राहिलं, शेवटच्या रात्रीचं. मोठ्या बॅगा रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या पहाटेपर्यंत खाली जातात आणि थेट धक्क्यावर मिळतात. आम्ही नीट आवरून सगळं भरलं आणि सकाळी लक्षात आलं की लेकीचे बूट गेले. तिला बाबांनी कडेवर घेऊन उतरवलं, पायात फक्त मोजे. बॅगा दाराबाहेर ठेवण्याआधी सकाळचे कपडे, बूट, डायपर आणि दात घासायचं सामान पलंगावर काढून मांडा, मोजा, आणि मगच चेन लावा. बेडूकही दारावरून काढायला विसरू नका. आमचा मासा तिथेच राहिला, लेक अजून विचारते.

निळाई

बेडकाची चिठ्ठी बाथरूमच्या आरशावर लावते. आल्यावर इथेच लिहीन.